माझ्याच पेपरची चोरी

माझ्यावर चोरीचा आळ आला, तोही माझंच काही चोरल्याचा.

नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. प्राध्यापकपदाचा इंटरव्ह्यू होता. आमच्याकडे नुसतं शिकवून भागत नाही. आपण किती पेपर छापले आणि दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरांत आपला उल्लेख किती वेळा केला, हेही मोजतात. त्या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. आईला हे एकदा समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे लोकं तुहं नाव घेते." आणि लगेच, "नाव घेते का नावं ठेवते?" म्हटलं, दोन्ही मोजतात. "मंग बरं आहे," म्हणाली.

माझं सगळं काम बेडसोअरवर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला होणाऱ्या जखमांवर. पुस्तकं सांगतात, कातडी लाल झाली का ते पाहा. अहो, आमच्या वॉर्डातल्या सावळ्या पाठींवर लाली दिसणार कशी? दिसेपर्यंत जखम होऊन बसते. म्हणून पाठीला उलटा हात लावायचा, ऊब जास्त लागली की लगेच कूस बदलून द्यायची. एवढीच माझी पद्धत.

बाहेरून आलेले एक्सपर्ट सर माझे पेपर चाळत होते. "मॅडम, ही उलट्या हाताची पद्धत तुमची नाही," ते म्हणाले आणि त्यांनी एक जुना पेपर पुढे सरकवला. "या बाईंची आहे. तुम्ही त्यांचा उल्लेख केलाय हे खरं, पण वाक्यंच्या वाक्यं उचललीत. याला कॉपी म्हणतात."

"सर, त्या बाई मीच आहे."

त्यांनी पेपरवरचं नाव वाचलं, मग माझ्या अर्जावरचं वाचलं. आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं आणि पहिलंसुद्धा वेगळं. ते हसले. मला एवढा राग आला की टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून मी घटाघटा पिऊन टाकला, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

झालं असं होतं की तो पेपर माझ्या लग्नाआधीचा. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. ते निवडलं होतं सासूबाईंनी. मधलं बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं. आधार कार्ड, बँक, नोकरी, सगळीकडे मी मुकाट्यानं बदलून घेतलं, कारण सगळ्याच बदलतात. छापलेला पेपर मात्र बदलत नाही. त्यात ती पोरगी तशीच राहिली, आणि सगळ्यात जास्त उल्लेख तिचेच. मी अर्जात तो पेपर लिहिला होता, पण नाव जुळत नाही म्हणून ऑफिसनं गाळून टाकला होता.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या समितीनं सांगितलं, पुरावा आणा, नाहीतर अर्ज बाद आणि वरून चौकशी. घरी आले ती तणतणतच.

"काहून एवढी तापून राहिली वं?" नवरा म्हणाला. "ॲफिडेव्हिट करून टाकू."

"तुमाले कोणी कधी म्हटलं का, तुमी तुमीच आहे हे दाखवा म्हणून?"

 दुसऱ्या दिवशी सदर भागातल्या एका वकिलाकडे तो स्वतःच मला घेऊन गेला. दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं तिथं टाइप झालं. मी विचारलं, सही कोणत्या नावानं करू? वकील म्हणाले, "आत्ताच्या. जुनं आता काय कामाचं?" मला तिथंच रडू आलं. जुन्या नावाची सही हाताला अजून येते का, हेही मला माहीत नव्हतं.

समितीनं ते मानलं. आळ गेला. आणि लगेच सरांनी दुसरा मुद्दा काढला. त्या जुन्या पेपरचे मी केलेले उल्लेख आता धरता येणार नाहीत, कारण स्वतःच स्वतःचं नाव घेतलेलं चालत नाही. घ्या बाप्पा! ती परकी होती तर मी चोर, आणि ती मीच निघाली तर उल्लेख बाद. तरी पद मिळालं. त्या पेपरचे दुसऱ्यांनी केलेले उल्लेख माझ्या खात्यात आले आणि तेच कामी पडले. बापानं ठेवलेल्या नावाच्या पोरीनं मला प्राध्यापक केलं. नेमणुकीच्या पत्रावर मात्र तिचं नाव नव्हतं.

संक्रांतीला हुडकेश्वरच्या आमच्या घरी हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटून झाला आणि बाया मागे लागल्या, "प्रोफेसर झाली आता, नाव घे वं!" दरवर्षी मी नवऱ्याच्या नावाचा तोच घासून गुळगुळीत झालेला उखाणा घेते. त्या दिवशी तोंडातून भलतंच निघालं.

"उलट्या हाताले ऊब लागते, सुलट्याले नाही लागत,
आज माहं नाव घेते, परवानगी नाही मागत."

आणि पुढे माझं लग्नाआधीचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं विचारलं, "हे कोण वं?"

"मीच," म्हटलं.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं.

"नाव तं चांगलंच होतं," त्या म्हणाल्या. "काहून बदललं वं आपण?"