लेम्पी कांगास आणि हिरवी डॉज

लेम्पी कांगास निवृत्त झाली त्या दिवशी शाळेच्या बस-गॅरेजात तिच्यासाठी केक आणला होता. केक कापायच्या आधीच तिने विचारलं, "कोपऱ्यातली ती इंजिन उचलायची जुनी चेनपुली कुणाला हवीय का? नसेल तर मी नेते." एकतीस वर्षं तिने पिवळ्या बसगाड्यांची पोटं उघडून पुन्हा शिवली होती. सत्तावन्नची बाई, अंगाने आडवी, बोलायला फटकळ. आजीचं नाव लावलं म्हणून लेम्पी. आमच्या आज्यांच्या फिनिश भाषेत त्याचा अर्थ प्रेम, पण तो अर्थ तिच्या तोंडावर काढायची गावात कुणाची छाती नाही.

चेनपुली कशाला हवी हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या बापाच्या, तौनोच्या, गॅरेजात बावीस वर्षं एक गाडी ताडपत्रीखाली पडून होती. एकोणसत्तर सालची डॉज सुपर बी. गडद हिरवी, शेपटीवर पांढरा पट्टा. इथली तांब्याची खाण बंद पडली तेव्हा तौनो मोठा पूल ओलांडून खाली डेट्रॉइटला गेला, तीन वर्षं कारखान्यात राबला आणि परतला तो ह्या गाडीत बसून. ती गावात शिरली तेव्हा चर्चच्या काचा थरथरल्या, असं तेव्हाची पोरं आजही सांगतात, आणि दर वर्षी काचांची संख्या वाढते. बायको गेली तशी गाडी उभी राहिली. "पुढच्या हिवाळ्यात हात घालू," असं तौनो दर वर्षी म्हणायचा. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. इकडे उंदरांनी मागच्या सीटमध्ये चार पिढ्या वाढवल्या, आणि तळाचा पत्रा इतका सडला की बसल्या जागेवरून जमीन दिसायची.

नोव्हेंबरात पहिला बर्फ टिकला त्या सकाळी लेम्पीने ताडपत्री ओढून काढली.

"पुढच्या हिवाळ्यात," तौनो सवयीने म्हणाला.

"पा, येत्या एप्रिलात तू चौऱ्याऐंशीचा होशील. पुढचा हिवाळा काय तुझा नोकर आहे, बोलावलास की येईल?"

म्हाताऱ्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि गॅरेजातली शेगडी पेटवली. झालं, सुरुवात झाली.

आमच्याकडचा हिवाळा सहा महिन्यांचा. खिडक्यांपर्यंत बर्फ चढतो, आणि ज्याच्या हाताला काम नाही तो जानेवारीपर्यंत बायकोशी तरी भांडतो नाहीतर टीव्हीशी. लेम्पीला मात्र दिवस पुरेनासा झाला. पहाटे पाचला उठावं, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवून तोंडात कोंबावा आणि गॅरेजात पळावं. डिसेंबरात इंजिन चेनपुलीला लटकलं. नाताळाच्या आत सडलेला तळ कापून नवा पत्रा वेल्ड झाला. बसच्या कामात जीव कधी असा रमला नव्हता. तिथे गाडी चालली की काम संपलं, इथे प्रत्येक नट सुटला की तिला वाटायचं, आपण कुणाला तरी झोपेतून उठवतोय. गाणी येत नसताना ती गाणी म्हणायला लागली, आणि तौनो कानावर टोपी ओढून बसायचा.

भांडणं व्हायचीच. मोठं भांडण ब्रेकचं. जुन्या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक. लेम्पीने पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक मागवले आणि म्हाताऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"होती तशी कर. एवढंच सांगितलं होतं."

"होती तशी केली तर होती तशीच थांबेल, पा. म्हणजे थांबणारच नाही."

"मी थांबवत होतो ना ती सत्तावीस वर्षं?"

"तू नाही. दोनदा शेजारच्या राउटिओंच्या कुंपणाने थांबवली."

तौनो दोन दिवस गॅरेजात आला नाही. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. डिस्क ब्रेकचं खोकं न उघडता फळीवर पडून राहिलं.

मग आला फेब्रुवारी. लेम्पीने इंजिनाला त्याचा मूळचा नारिंगी रंग दिला. पण इंजिनाच्या डोक्यावरची दोन लांबट झाकणं रंगवली तेव्हा बाहेर थंडी अशी की शेगडी असूनही गॅरेजात रंग वाळेना. आता हे आमच्याकडच्याच माणसाला सुचेल: तिने ती झाकणं उचलली आणि सौनात नेली. आमच्या प्रत्येक घरामागे लाकडाची एक खोली असते, तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची. तिने मंद विस्तव केला, वरच्या बाकावर झाकणं मांडली, आणि दारावर जाड काळ्या अक्षरांत हातभर चिठ्ठी लावली: आत रंग आहे, सहापर्यंत येऊ नकोस. वार शनिवार, म्हणजे तौनोचा सौनाचा वार. म्हणून तर चिठ्ठी.

चार वाजता अंगणातून ओरडण्याचा आवाज आला. लेम्पी पळत गेली तर तौनो कांगास उघड्या अंगाने बर्फात उभा, अंगातून वाफा निघताहेत, आणि बुडावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत नारिंगी पट्टा.

लेम्पी हसून हसून गुडघ्यांवर बसली. तिने टॉवेल पुढे केला आणि डोळे पुसत विचारलं, "चिठ्ठी नाही वाचलीस?"

"कुठली चिठ्ठी?"

तिचं हसू तिथेच थांबलं. चिठ्ठी दारावर होती, बरोबर त्याच्या तोंडासमोर. ते दार त्याने स्वतःच्या हाताने उघडलं होतं.

गॅरेजात घासलेटाने पट्टा पुसता पुसता तिने सरळ विचारलं. "किती दिसतं, पा?"

म्हाताऱ्याने शेगडीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "कडेकडेचं दिसतं. मधोमध काही नाही. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात."

"कधीपासून?"

"डॉक्टरला सप्टेंबरात कळलं. मला आधीच."

म्हणजे पिकअप न काढायला गुडघ्याचं निमित्त, पेपर न वाचायला चष्मा हरवल्याचं निमित्त, सगळा बनाव. लायसन्सची मुदत त्याच्या वाढदिवसापर्यंत, वीस एप्रिलपर्यंत. पुढे नवं हवं तर डोळे तपासणार, आणि त्या तपासणीत काय होणार हे दोघांनाही कळत होतं. लायसन्स नसताना हा माणूस रिकाम्या शेतातही स्टिअरिंगला हात लावणार नाही. साठ वर्षांत त्याने पार्किंगचा एक दंडही भरलेला नाही आणि त्याची त्याला भारी मिजास.

"म्हणून म्हणत होतास पुढच्या हिवाळ्यात?"

"अर्धी उघडलेली गाडी मागे सोडून जाण्यापेक्षा झाकलेली बरी," तौनो म्हणाला.

लेम्पी रडणाऱ्यांतली नाही. तिने घासलेटाची चिंधी शेगडीपासून लांब टाकली आणि म्हणाली, "वीस एप्रिलपर्यंत तू ती चालवशील. स्वतः. मी शेजारी बसेन, समोरून कुणी येणार नाही अशी जागा मी शोधेन. पण चालवशील."

तौनो पँट चढवत होता. नाडा बांधून झाल्यावर म्हणाला, "मग लाव तुझे ते डिस्क."

त्यानंतर लेम्पीने जे काम केलं त्याला काम म्हणायचं की झपाटणं, देव जाणे. झाकणं पुन्हा घासली, पुन्हा रंगवली. डिस्क ब्रेक बसले. जुन्या इग्निशनच्या जागी इलेक्ट्रॉनिक आलं, कमरेच्या पट्ट्यांच्या जागी खांद्यावरून येणारे नवे बेल्ट. तौनो आता लपवत नव्हता, त्यामुळे त्याचा उपयोग दुपटीने वाढला. बोटांनी चाचपून तो वॉशरची जाडी सांगायचा. कार्ब्युरेटर त्याने डोळे मिटून जोडला, अगदी खरोखर मिटून, आणि एकही स्प्रिंग उरली नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाडीने पहिला श्वास घेतला. दोनदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा लेम्पीने किल्ली फिरवली आणि आठही सिलिंडर एकदम बोलले. आढ्यावरची धूळ खाली आली, फळीवरचे पान्हे नाचत नाचत कडेला गेले, आणि तौनो दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून उभा राहिला. "सातवा जरा मागे आहे," तो म्हणाला. खरोखरच सातव्याचा प्लग सैल निघाला. लेम्पीने बापाच्या टकलाचा मुका घेतला, तो त्याने बाहीने पुसला.

एवढं सगळं झालं आणि घोडं अडलं ते मिठावर.

हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, आणि मीठ जुन्या पत्र्याला वाळवीसारखं खातं. म्हणून जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाचा आमच्याकडे एकच कायदा: वसंतातले दोन चांगले पाऊस रस्ता धुऊन जाईपर्यंत गाडी बाहेर निघत नाही. पहिला मीठ सैल करतो, दुसरा नेतो. पण ह्या वर्षी एप्रिलच्या पंधरा तारखेलाही बर्फच पडत होता आणि रस्ते मिठाने पांढरेफटक.

"निघू या, पा. नंतर मी खालून धुते, एकेक सांधा धुते."

"मीठ लागलेल्या रस्त्यावर ती उतरणार नाही. मला चालवायला मिळो न मिळो."

"तुझ्यासाठी पाच महिने—"

"गाडीसाठी केलंस," तौनो म्हणाला. "आणि नवा तळ आहे तिला."

ती दार आपटून बाहेर पडली. वैतागून ती ड्वेन राउटिओकडे गेली. ड्वेन कौंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो आणि मीठही तोच टाकतो, तेव्हा शिव्या द्यायला तोच हक्काचा. ड्वेनने खिमा-बटाट्याची पास्टी खात खात सगळं ऐकून घेतलं.

"मीठ सगळीकडे टाकतो मी," तो म्हणाला. "फक्त खाणीच्या रस्त्यावर नाही टाकत."

लेम्पी बघतच राहिली. खाणीचा रस्ता म्हणजे दोन मैल सरळसोट डांबर, पुढे बंद फाटक. नोव्हेंबर ते मे तो कौंटीच्या यादीतच नसतो. बर्फ पडतो, तसाच राहतो. ना ट्रक, ना मीठ, ना माणूस.

"त्यावर चार फूट बर्फ आहे, ड्वेन."

"मला ट्रक वळवायला जागा लागते," ड्वेन तोंड पुसत म्हणाला. "कधीकधी फार लांब जाऊन वळवावा लागतो."

एकोणीस तारखेला ड्वेन चार तास ट्रक "वळवत" होता. दुपारभर ऊन पडलं आणि डांबर कोरडं झालं. वीसच्या सकाळी ड्वेनच्या ट्रेलरवर डॉज चढली. वाटेत मीठ उडू नये म्हणून तौनोने तिला तीन ताडपत्र्यांत स्वतः बांधली, नवरीला शाल गुंडाळावी तशी. ड्वेन म्हणाला, "तौनो, नाक तरी उघडं ठेवा तिचं." म्हाताऱ्याने एक दोरी आणखी आवळली.

गाडी उतरवली, आणि तौनो स्टिअरिंगमागे बसला. लेम्पी शेजारी, एक हात हँडब्रेकवर. खरं सांगायचं तर तिला घाम फुटला होता. ड्वेन दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी ट्रकचे सगळे दिवे लावून उभा.

"दिसतंय का, पा?"

तौनोने दोन्ही बाजूंना हळूच मान फिरवली. रस्त्याच्या दोन्ही कडांना ड्वेनने काढलेल्या बर्फाच्या पुरुषभर उंच भिंती, उन्हात लखलखणाऱ्या. "कडाच तर दिसतात मला," तो म्हणाला. "मध्ये काय, रस्ताच असणार."

क्लच सुटला. पहिला, दुसरा. गाडी दोन पांढऱ्या भिंतींच्या बरोबर मधोमध, आखल्यासारखी. तिसऱ्यात त्याने पाय दाबला आणि लेम्पीची पाठ सीटला चिकटली. "सावकाश" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता, तो तिने गिळला. म्हातारा हसत होता. आवाज न करता, सगळे दात दाखवून. लेम्पीही हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना. ड्वेनचे दिवे मोठे झाले तसा तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, थांबायची खूण म्हणून. तौनोने ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी बसली.

"हं," तो म्हणाला. डिस्क ब्रेकबद्दल त्याने आयुष्यात काढलेला हा एकमेव बरा शब्द.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला रस्त्याच्या मध्यावर त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि दार उघडून उतरला.

"काय झालं? पा?"

"आता तू."

लेम्पीला कळेना. ही गाडी एकोणपन्नास वर्षांत दुसऱ्या कुणी चालवली नव्हती. तिच्या आईनेसुद्धा नाही. पोर असताना तिने एकदा नुसतं स्टिअरिंग धरून बघितलं होतं, तर दोन दिवस बोलणी खाल्ली.

"आज तुझा दिवस आहे, पा. बस मुकाट्याने."

"मी कायम आतच बसलोय," तौनो म्हणाला. "जाताना कशी ऐकू येते ते मला माहीतच नाही. जा. मला ऐकायचीय."

ती सरकून पलीकडे बसली. सीट पुढे ओढली. हात पँटला पुसले. टोकाला जाऊन गाडी वळवली. समोर दूर रस्त्याच्या कडेला तिचा बाप बर्फाच्या भिंतीला पाठ लावून उभा, टोपी काढून, मान खाली घालून, कान पुढे करून. तिने गाडी सोडली. पहिला, दुसरा, तिसरा. त्याच्या जवळून ती गेली तेव्हा भिंतींवरचा भुसभुशीत बर्फ खाली सांडला, आणि आरशात तिला दिसलं की तो आवाजाच्या मागोमाग सावकाश वळतोय.

ती परत आली, त्याच्यापाशी थांबली आणि काच खाली केली. तौनोचा चेहरा ओला होता. पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

"तिसऱ्यात टाकताना घाबरलीस," तो म्हणाला. "परत जा."