रावजीचं बोंडलं

रावजी गुहागरकडचा, चिरेखाणीत वाढलेला. पहार जमिनीवर आपटली की नुसत्या आवाजावरून तो सांगे, खाली दगड आहे की पोकळी. अंदाज चुकला तर स्वारी दिवसभर फुगून बसे. बहारीनमध्ये मजुरीला आल्यावरही त्याच्या या कानाचं सगळ्यांना भारी कौतुक. हुद्दा मात्र बिगाऱ्याचाच राहिला.

१९८३च्या हिवाळ्यात बुदैयाच्या रस्त्याकडेला गटाराचा चर खणताना त्याची पहार पोकळ वाजली. मुकादम जैनुद्दीन रत्नागिरीचा. तो ‘यल्ला, यल्ला’ म्हणत, घाई करत डोक्यावर उभा. पण रावजी कसला ऐकतोय! त्याने हातांनीच माती उपसली. खाली एक रांजण आडवा निजवलेला निघाला. आत चिमुकली हाडं, आणि शेजारी हिरवट काचेचं, बाजूला चोच असलेलं इवलंसं भांडं.

काम थांबलं. संग्रहालयातून मसूदाबाई पेट्या आणि वही घेऊन आल्या. भांडं उन्हात धरून त्या हरखल्या. ही रोमन काच, दोन हजार वर्षांपूर्वी जहाजातून आलेली, बहुधा दिव्यात तेल घालायची. जैनुद्दीनला अरबी फाडफाड येई. त्याने हे सगळं रावजीला मराठीत सांगितलं.

रावजी म्हणाला, "दिवा कसला? बोंडलं हाय ता. पोराला दूध पाजायचं."

जैनुद्दीन हसला. रोमन लोकांच्या घरी गुहागरची भांडी कुठून येणार? पण हसता हसता त्याच्या ध्यानात आलं, की त्याच्या आईनेही त्याला तसल्याच चोचीने दूध पाजलं होतं. त्याने बाईंना ते समजावलं. बाईंनी भांडं पुन्हा निरखलं आणि वहीतला दिवा खोडला.

मग त्यांनी हाडं एका पेटीत ठेवली आणि भांडं दुसरीत ठेवायला घेतलं. हाडं तपासणीला जाणार, काच लोकांना दाखवायला मांडणार. रावजी मधे येऊन उभा राहिला. बोंडलं पोराजवळच राहायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं. मुकादमाने दटावलं, घरी पाठवतील म्हणून बजावलं. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा गरीब माणूस त्या दिवशी तसूभर हलला नाही.

असं का, बाईंनी विचारलं.

रावजी जैनुद्दीनकडे बघत म्हणाला, "माजी पोर सात म्हयन्यांची व्हऊन गेली. मी हितं व्हतो. तिला पुरली तवा बोंडलं घरातच ऱ्हायलं. तिची आय रखमा अजून ता घासून ठेवते."

जैनुद्दीन बाईंकडे वळला. त्याने तान्हं धरावं तसे दोन्ही हात छातीशी धरले आणि मग रिकामे पसरले.

हाडांच्या पेटीत कापूस सारून मसूदाबाईंनी जागा केली आणि भांडं रावजीच्या हातात दिलं. रावजीने ते हळूच ठेवलं, चोच बाळाच्या तोंडाकडे करून.