तू सांग, मंग मी सांगतो

आमच्या टीमचे किस्से खरं तर सांगायचे नसतात, लोकांनी विश्वासाने बोललेलं असतं. पण डबे उघडले की ते निघतातच. म्हणून नावं गाळून सांगते.

काम ऐकायला सोपं आहे. मानसिक आजार ओळखायचे प्रश्न, वेगवेगळ्या देशांत हेच आणि याच क्रमाने. आपल्या वऱ्हाडात ते चालतात का, हे आम्ही बघतो. नियम एकच: आहे तस्सं वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. उत्तरांवरून त्रास किती, याचे मी मार्क देते. मग आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख मॅडम रेकॉर्डिंग ऐकून स्वतःचे देतात. दोघींचे जुळले नाहीत तर मी प्रोजेक्टबाहेर! दर मुलाखतीआधी माझे हात गार पडतात, ते यामुळे.

तिवस्याला एका काकांना विचारलं, "तुम्हाला इतरांपेक्षा जास्त काळजी वाटते का?"

काका उठून गेले ते शेजाऱ्याला घेऊनच आले. "आधी याले इचार. मंग मी अंदाजानं सांगतो."

अकोल्यात एका वहिनींना एकटीने बोलता यावं म्हणून आतल्या खोलीचं दार लावलं. "झोप नीट लागते का?"

दारामागून सासूबाई, "लागते का म्हंजे? घोरते!"

रेकॉर्डिंग ऐकून मॅडमचा फोन. "हे उत्तर तू कोणाचं धरलंस?"

कधी एकाच माणसाला आधी मी विचारते, आठवड्याने माझा सहकारी प्रफुल्ल. उत्तरं सारखी यायला हवीत. मोझरीच्या एका आजोबांचं एकही जुळेना.

प्रफुल्ल रडकुंडीला. "आजोबा, मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं ना?"

"थे त्या पोरीले सांगतलं. तू इतक्या दुरून आला, तुले तेच तेच काहून सांगू?"

आणि वरूडच्या मावशी. संत्र्याच्या बागेतलं घर, समोर चहा. मी पहिला प्रश्न वाचला.

"तू सांग आधी, मंग मी सांगतो."

"मावशी, मला नाही सांगता येत. नियम आहे."

"मंग मले कसं सांगता यीन?"

रेकॉर्डर चालू. मावशी बशीत चहा ओतत बसल्या. शेवटी मीच माझं सांगितलं थोडंसं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा, "तुह्यं काय?" छातीतली धडधड, दचकून जाग येणं, कुलूप लावलं का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणं... शेवटच्या प्रश्नापर्यंत हेच चाललं.

मग मॅडमनी अमरावतीच्या ऑफिसात बोलावलं. गेला प्रोजेक्ट, असं धरूनच मी गेले.

मॅडमनी हेडफोन काढून ठेवला. "मावशींचे मार्क तंतोतंत जुळले. त्यांना काहीही झालेलं नाही."

मी हुश्श केलं.

"आता दार लाव," मॅडम म्हणाल्या. "मला रेकॉर्डिंगमधल्या त्या दुसरीबद्दल बोलायचंय."