अनवाणी मिस्त्री आणि इंग्रजी पोथी

न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनर दुरुस्त करणारी एक शेड होती. नव्वदच्या दशकात मी तिथे ऑफिसात नोकरीला होते. माझं टायपिंग बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. पण मी इंग्रजी शाळेत शिकले होते आणि शेठना तेवढं पुरेसं होतं. इंग्रजीत आलेलं काहीही, बंदराचं पत्र असो की टेबलफॅनची वॉरंटी, माझ्यासमोर येऊन पडायचं.

तसंच नव्या वेल्डिंग मशीनचं पुस्तक आलं. मशीन लहान फ्रिजएवढं, चाकांवर, थ्री-फेजवर चालणारं. पुस्तकातल्या सूचना मी मराठीत उतरवल्या आणि कामगारांना वाचून दाखवल्या. "यंत्राचे बाह्यांग भूमीशी जोडावे," असं मी वाचल्यावर मिस्त्री म्हणाले, "ताई, ही मंगलाष्टकं हायती व्हय?" सगळे हसले. मीही हसले, कारण न हसता उभं राहणं जास्त अवघड होतं. माझ्याकडे घरातलं मराठी होतं आणि शाळेच्या पुस्तकातलं. मधलं नव्हतंच.

मिस्त्री साताऱ्याकडचे, शेडमधले सगळ्यात जुने वेल्डर. नव्या मशीनवर पहिला टाका त्यांनीच मारायचा, असं ठरलेलं होतं.

पूजेच्या दिवशी मशीन पूर्वेकडे तोंड करून भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. मागच्या जाळीतून पंख्याला हवा लागते, म्हणून मागे जागा सोडायची असते. मी तसं सांगितलं. शेठ म्हणाले, "मॅडम, देव कधी भिंतीपासून हातभर लांब बसवतात का?" समोरच्या जाळीवर झेंडूचा हार होता. म्हणजे देवाला पुढूनही श्वास घ्यायची सोय नव्हती.

सकाळीच कोबा धुऊन काढलेला. वर भटजींनी सढळ हाताने तीर्थ शिंपडलं. चपला-बूट सगळ्यांचे बाहेर. मिस्त्रींनीही आपले रबरी तळाचे बूट काढून दाराशी नीट जोडीने ठेवले होते आणि ओल्या कोब्यावर ते अनवाणी उभे होते.

तेवढ्यात मागून वायरमन म्हणाला, "शेट, बॉडीचा अर्थिंग ऱ्हायलाय. पट्टी जोराची हाय. वाईच थांबा." तो उरणजवळच्या मोऱ्याचा, 'जोडायची'ला 'जोराची' म्हणणारा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून झाला होता, पण तिथून मशीनपर्यंत यायची पट्टी अजून त्याच्या हातातच होती.

"दुपारी जोड. मुहूर्त चाललाय," शेठ म्हणाले.

आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर करंटला जमिनीत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे ती पट्टी. पट्टी नसेल तर मशीनला हात लावणारा माणूसच वाट होतो. आणि करंट कमीजास्त करायची मूठ फिरवायला मिस्त्री मशीनला हात लावणारच होते.

मी पुढे होऊन म्हटलं, "मिस्त्रींनी बूट घालायला हवेत."

"पूजेत बूट?" शेठ म्हणाले. "तुमच्या कॉन्व्हेंटात चालत असेल."

पुन्हा सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. भटजींनी नारळ फोडला. शेठचा हात मेन स्विचकडे गेला.

मला वाद घालता येत नाही. वाचता येतं. मी पुस्तक उघडलं आणि शाळेत सकाळच्या प्रार्थनेला वाचायचे त्या आवाजात, इंग्रजीत, पहिल्या पानापासून सुरुवात केली.

शेठचा हात खाली आला आणि दुसऱ्या हाताला जोडला गेला. भटजी धंद्यातल्या माणसाच्या अदबीने एक पाऊल मागे सरले. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण मघाच्या संस्कृतातलं तरी कुठे कळलं होतं? मी धोक्याच्या सूचना वाचल्या, सुट्या भागांचे नंबर वाचले, वॉरंटीच्या अटी वाचल्या. परिच्छेद संपला की भटजी अक्षता टाकत. मध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मागे वायरमन पाना फिरवत होता, तेवढाच आवाज. "झाला," असं तो म्हणाला, तेव्हा मी ग्राहकाने जपून ठेवायच्या खोक्याविषयी वाचत होते. मी थांबले.

"काय म्हणतंय?" शेठनी हळूच विचारलं.

"अर्थिंग हवं. ते झालं. वेल्डरच्या पायात रबरी तळाचे बूट हवेत. पायाखाली कोरडं हवं. मागे जागा, आणि पुढचा हार काढायचा."

"असं लिहिलंय?"

"इंग्रजीत."

शेठनी भटजींकडे पाहिलं. भटजींनी क्षणभर विचार केला आणि बूट आणायला सांगितले. बुटांना हळद-कुंकू लागलं, वर एक फूल ठेवलं गेलं. मशीन पुढे ओढलं, हार शेठच्या खुर्चीला घातला. मिस्त्रींनी बूट चढवले, पूजेचा लाकडी पाट उलट्या बाजूने पुसून पायाखाली घेतला, तोंडावर काच धरली आणि टाका मारला. त्यांना काही झालं नाही. काही न झाल्याचं श्रेय मुहूर्ताला गेलं, आणि भटजींनी ते नाकारलं नाही.

प्रसाद वाटताना शेठ म्हणाले, "मिस्त्री, आता काढा ते बूट."

मिस्त्रींनी उजवा हात प्रसादासाठी पुढे केला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ताईंचं वाचून व्हायचंय अजून."