सुनीताला आपण हाकललं

मित्रांनो, डोंबिवलीच्या सायबर कॅफेतून लिहितोय. जे आज वर्तकनगरला आले नव्हते, त्यांनाही हे कळायला हवं.

आपल्या लाडक्या इंग्लिश बँडच्या कॅसेटी अदलाबदल करायला आम्ही सहा फॅन तिथे निखिलच्या घरी जमलेलो. बाळकुमची सुनीता पहिल्यांदाच आलेली. कोळीवाड्यातली मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. पण डोक्यावर बादल्या घालून वाजवणाऱ्या त्या येड्या इंग्रजांची सगळी गाणी तिला तोंडपाठ.

निखिलने तिला एका ओळीचा अर्थ विचारला.

"अर्थ नाय माहीत. ऐकलं की बरं वाटतं," ती म्हणाली.

"मग कसली फॅन?" निखिलने नाकाला रुमाल लावला. "खिडकी उघडा रे, मासळीचा वास येतोय."

सगळे हसले. सुनीताने कॅसेटी पिशवीत भरल्या आणि ती निघून गेली.

मी गप्प बसलो, कारण निखिलकडची कॉन्सर्टची कॅसेट मला हवी होती. त्याने ती दिलीही. घरी येऊन लावली आणि दोन मिनिटांत बंद केली. स्वतःचीच किळस आली.

खरं सांगा, त्या गाण्यांचा अर्थ आपल्यापैकी कोणाला कळलाय?

उद्या मी बाळकुमला माफी मागायला जातोय. सोबत कोण येतंय?