डावी बाजू बापाची

गाड्या पहिल्यापासूनच लोखंडाच्या असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मास्तरांची नखं पाहिलेली नाहीत. त्यांत माती असते. मोठ्या मोटार कंपनीची स्पोर्ट्‌स कार, जिच्यापुढे उभं राहून प्रदर्शनात लोक फोटो काढून घेतात, ती आधी भट्टीत मऊ केलेल्या तपकिरी मातीत घडते, खऱ्या मापाची. मास्तरांनी अशा एकतीस घडवल्या. त्यातली एकही रस्त्यावर आली नाही, आणि मास्तर अजून सायकलवरच येतात.

बत्तिसावी त्यांची शेवटची. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते.

तिथली रीत अशी की चित्र एकच, पण गाडीची डावी बाजू एकानं आपल्या नजरेनं घडवायची, उजवी दुसऱ्यानं. साहेब येणार, गोल फिरणार, एक बाजू ठेवणार. दुसरी मग खरवडून तिच्यासारखी करायची. यंदा डावी मास्तरांकडे होती आणि उजवी त्यांच्या लेकीकडे. तिला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. ‘वशिल्याचं तट्टू’ हे नाव मात्र पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं. बोलणारे बोलायचे तिच्या पाठीमागे, पण बापाला ऐकू जाईल अशा बेतानं. यावेळी तिची बाजू ठरली तर ती कायम होणार होती. नाही ठरली, तर घरी.

मास्तरांचा जीव तुटायचा. मग माणूस मायेपोटी करतो तोच मूर्खपणा त्यांनीही केला. साहेब यायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, आपल्याच बाजूच्या मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर त्यांनी पातं जरा जास्तच दाबलं. केसाएवढा खळगा पडला. नुसत्या डोळ्यांना दिसला नसता, पण साहेबांना दाखवण्यासाठी वर चकचकीत चंदेरी कागद ताणून बसवला की त्यात पडणारी दिव्याची रेघ तिथे अडखळणार होती.

लेक जेवून आली. दुसऱ्याच्या कामावरून हात फिरवल्याशिवाय या धंद्यातल्या माणसाला पुढे जाववत नाही. तिचा तळहात मागच्या चाकाशी थांबला. डोळे मिटून तिनं तो पुन्हा फिरवला.

"बाबा, हे काय आहे?"

"कुठे काय?"

"इथे. खळगा."

"चुकला असेल हात. वय झालं आता."

"तुमचा हात चुकला? कुणाला सांगताय?" तिनं हात काढून घेतला. "लोक म्हणतात, बापानं चिकटवली. मी ऐकून घेते, कारण ते खोटं आहे. तुम्ही ते खरं करायला निघालात. मग मी तोंड कुठे लपवू?"

एकतीस गाड्यांत मास्तरांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. आता काढली ती पोटच्या पोरीनं, आणि तीही नेमकी. शरमेनं कान तापले, आणि लाज वाटावी इतका आनंदही झाला.

"भरतो," ते म्हणाले. "पण मग हातचं राखणार नाही हं, आधीच सांगतो."

"राखून तर बघा," म्हणत ती नाक पुसत आपल्या बाजूला गेली.

त्या दुपारी मास्तरांना चहाचीही आठवण झाली नाही. संध्याकाळी कागद चढला तेव्हा दिव्याची रेघ पुढून मागे न अडखळता गेली. इतकं चांगलं काम आपण आजवर केलं नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब लोक आले. डावीकडे बराच वेळ थांबले, माना डोलावल्या. मग उजवीकडे गेले. तिथे थोरले साहेब तर चक्क खाली बसले, मागच्या चाकासमोर.

उजवी ठरली. "बाप से बेटी सवाई!" म्हणत कुणीतरी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मागून दुसरं कुणी कुजबुजलं, "म्हाताऱ्यानं सोडून दिलं असणार." लेकीनं ते ऐकलं आणि वळून बापाकडे पाहिलं.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. "सोडलं नाही गं," ते हळूच म्हणाले. "जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं मी."

"माहीत आहे," लेक म्हणाली. "काल संध्याकाळी कागद चढल्यावर तुमची बाजू बघून मी इतकी घाबरले, की घरी पोचेपर्यंत तुमच्याशी बोलताच आलं नाही मला."