गिटारचा दबका आवाज

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी जावयाला कीबोर्ड घेऊन दिला आणि माझी गिटारवाल्याची जागा धोक्यात आली. त्या कीबोर्डात ढोलकी होती, सनई होती आणि गिटारही होती. ती गिटार डब्यावर रबर ताणून वाजवल्यासारखी वाजायची, पण मालकांच्या जावयाला नावं कोण ठेवणार? लग्नसराईच्या तोंडावर मालक मला म्हणाले, "मास्तर, स्टेजवर जागा लई कमी असती. दोन दोन गिटारी कशाला? दोन्ही रेकॉर्ड करून ऐकू. चांगली वाजंल ती ठिवू."

मी शाळेत गणित शिकवतो. स्टेजवर गिटार घेऊन उभं राहायला मिळतं, एवढ्यावर मी बाकीचा आठवडा काढतो. ती जागा सोडायची नाही, असं मी ठरवलं.

स्टुडिओ म्हणजे एका ओळखीच्या माणसाची गच्चीवरची खोली. भजनं आणि रिक्षावर लावायच्या जाहिराती तिथे तयार होतात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वरपासून खालपर्यंत चादरी ठोकलेल्या. मी गिटारची वायर रेकॉर्डिंगच्या मशीनला जोडली, वाजवलं, आणि ऐकतो तर गिटार पांघरुणात तोंड खुपसून रडत होती.

"चादरीमुळं हाय सर ते," स्टुडिओवाला म्हणाला. "आवाज पित्यात त्या."

"अहो, वायर थेट मशीनमध्ये गेलीय. आवाज खोलीत आलाच कुठे?"

"तरी काडून बगू की."

मे महिन्याच्या दुपारी आम्ही दोघांनी सगळ्या चादरी उतरवल्या. गिटार रडतच राहिली. मग त्याच्या मते तारा जुन्या होत्या, मग ऊन जास्त होतं, आणि शेवटी तो माझ्या बोटांकडे निरखून बघायला लागला. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

मी फोनवर त्या मशीनचं माहितीपत्रक शोधून वाचलं. भानगड इम्पिडन्सची, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या विरोधाची होती. गिटारमधून येणारा सिग्नल मुळात अशक्त. मशीनची माईकसाठी केलेली बाजू कमी इम्पिडन्सची, म्हणजे ती त्याच्याकडून जास्त प्रवाह ओढते. आजारातून उठलेल्या पाहुण्याला दारातच ज्वारीचं पोतं उचलायला लावावं, तसं. त्या ओझ्याखाली आवाजाची वरची चमक आधी जाते आणि नुसतं घुमं काहीतरी उरतं. गिटारला इम्पिडन्स भरपूर लागतो, आणि त्यासाठी मशीनवर एक छोटं बटण असतं. फोटोत ते स्पष्ट दिसत होतं. आमच्या मशीनवर त्या जागी कुंकवाचा भलामोठा, कडक झालेला टिळा होता.

दर खंडेनवमीला हा माणूस मशीनची मनोभावे पूजा करायचा आणि ओलं हळदीकुंकू नेमकं तिथेच लावायचा. थरावर थर बसून बटण गाडलं गेलं होतं. मी खिशातून किल्ली काढली.

"खरडायचं न्हाय सर," तो म्हणाला. "देवाचं हाय ते."

"मग मी काय करू?"

त्याने मशीनवरून हात फिरवला. "आंगूळ घालू," म्हणाला. मशीन बंद करून त्याने आधी नमस्कार केला आणि मग स्पिरिटच्या बोळ्याने तिला हळूहळू स्नान घातलं. बटण दिसलं. मी ते दाबलं, मशीन सुरू केली, पहिली तार छेडली आणि एकटाच हसत सुटलो. तारेला नखी घासल्याचासुद्धा आवाज येत होता. माझी गिटार अशी वाजते, हे मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मालक जावयाला घेऊन आले. जावयाने कीबोर्डातली गिटारही रेकॉर्ड केली. दोन्ही रेकॉर्डिंग त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"लई भारी, मास्तर. कीबोर्डातली हिच्यापुडं कायच न्हाय."

मी जावयाकडे असं बघितलं की तो बिचारा मोबाइल काढून बसला.

"आता एक करा," मालक म्हणाले. "एकेक सूर येगळा वाजवून द्या. जावईबापू कीबोर्डात भरून घेतील. आवाज बी तुमचा ऱ्हाईल, जागा बी वाचंल."

मला इतका संताप आला की गिटार तिथेच आपटावीशी वाटली. पण आवाज असा लागला होता की ती खाली ठेववेना. मी बसलो आणि एकेक सूर वाजवत गेलो. जावई म्हणाला, झालं, सगळे आले.

"थांबा," मी म्हणालो, "शेवटचा जरा उतरलाय. पुन्हा घेऊ."